शेकडो चॅप्टर वाचून झाले, तरी मनात काहीच का उरत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातच डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहात, दोन वर्षांत भरपूर मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचून झाला, रात्री झोप लागेपर्यंत मोबाइलवर वेबटून, म्हणजे खाली सरकवत वाचायची कॉमिक्स, चालू असतात, सेलमध्ये घेतलेले अकरा गेम अर्धवट पडलेत. आता कशातच मजा येत नाही आणि वाचलेलं आठवड्याभरात पुसून जातं. ‘ताई, अलीकडे तुम्हाला मनापासून काय आवडलं, त्याची यादी द्या,’ असं शेवटी म्हणालात.

नावं देतेच. पण तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला आणि मला वाटतं, नावांची तुम्हाला चणचण नाही. एक चॅप्टर चार मिनिटांत संपतो, असं तुम्हीच लिहिलंय. वीस पानांचा चॅप्टर चार मिनिटांत, म्हणजे एका पानाला बारा सेकंद. बारा सेकंदांत संवादांचे फुगे वाचून होतात, चित्र बघून होत नाही. मांगात निम्मी गोष्ट चित्रात असते. ती निम्मी तुमच्या हातून रोज सुटतेय, आणि जे डोळ्यांनी नीट घेतलंच नाही ते लक्षात राहावं कसं? माझं सगळं उत्तर याच मुद्द्याभोवती आहे.

मी हे कशाच्या जोरावर बोलते तेही सांगते. मी जकार्ड डिझायनर आहे, म्हणजे मागावर कापडातच विणली जाणारी नक्षी आखते. चादरी आणि टॉवेलांची नक्षी ग्राफवर उतरवायची, चोवीस वर्षं हेच काम. सुरुवातीला मोठाले ग्राफ पेपर असत, आता कॉम्प्युटरवर करते, पण चौकोन तेच. ताण्याचा एक धागा आणि बाण्याचा एक धागा जिथे एकमेकांना ओलांडतात, ती जागा म्हणजे एक चौकोन. रंगवलेला असेल तर धागा वर, कोरा असेल तर खाली. मागाला नक्षी सांगणाऱ्या कार्डावर तिथे भोक पडतं किंवा पडत नाही, तिसरं काही नाही.

कामाला लागून दोनच वर्षं झाली होती, तेव्हा एका मोराच्या मानेत माझा एक चौकोन चुकला. एकच. चादर मागावरून उतरली तर प्रत्येक मोराच्या मानेवर पांढरा ठिपका, सगळ्या लॉटभर, कारण नक्षी फिरून फिरून येते तशी तिच्यातली चूकही येते. कारखानदारांनी तो माल कमी भावात काढला. मला समोर बसवलं, ग्राफ उलटा धरायला लावला आणि म्हणाले, ‘आता मोर दिसणार नाही, चौकोन दिसतील. बघ.’ चूक दहा सेकंदांत सापडली. त्याआधी तोच ग्राफ मी चार वेळा तपासला होता. चारही वेळा मी मोर बघत होते.

फुग्यांवरून धावताना तुमचंही तसंच होतंय. पुढे काय झालं ते कळतं, पानावर काय आहे ते दिसत नाही. गेली नऊ वर्षं रविवारी सकाळी घरी मुलांचा कॉमिक्सचा वर्ग घेते, तिथेही हेच बघते. सगळ्यांत जास्त वाचणाऱ्या मुलाला बऱ्याचदा सगळ्यांत कमी आठवतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. नुसता मांगाच नव्हे, तर जेवण, मित्र, क्रिकेट सगळंच नकोसं झालं असेल आणि झोपही उडाली असेल, तर माझ्या उत्तराचा उपयोग नाही. घरात कुणाशी तरी बोला, डॉक्टरांना भेटा, त्यात संकोच करू नका. परीक्षा तोंडावर असेल तर हे सगळं मेपर्यंत बाजूला ठेवा, आपल्याकडच्या त्या उन्हात दुपारी घरात बसायला ते कामाला येईल. आणि लहान मोबाइलवर वाचत असाल तर दोन पानांवर पसरलेलं चित्र तिथे मरतं, हे मान्य करून चला. एखादा छापील खंड तिघा मित्रांत मिळून घेतला तर फार जड जात नाही.

या वर्षभरात मला सगळ्यांत जास्त आनंद दिला तो काओरु मोरी यांच्या ‘अ ब्राइड्स स्टोरी’ने. २००८ पासून चालू आहे, २०१४ चा जपानमधला मांगा ताइशो पुरस्कार याला मिळाला. एकोणिसाव्या शतकातला मध्य आशिया, वीस वर्षांची अमीर आणि तिचा बारा वर्षांचा नवरा कार्लुक. ती वयं वाचून अस्वस्थ व्हायला होतं, मलाही झालं. त्या काळाची रीत म्हणून ते येतं, पण मुलांच्या वर्गात हे पुस्तक मी ठेवत नाही, मोठ्यांनाच सुचवते.

मी त्यात अडकले ती कापडापायी. दुसऱ्या खंडात घरातली छोटी तिलेके भरतकामाला बसली की ससाणेच भरत राहते. मग आजी घरातल्या आधीच्या बायकांनी भरलेली कापडं काढून तिच्यापुढे मांडते आणि कुठलं कुणाचं ते सांगते. ही पानं मी भिंग घेऊन बघितली. कापडाला घडी पडली की नक्षीही तिथे मोडते. बाहीला वळण आलं की फुलं त्या वळणाबरोबर आकसतात. एखादी नक्षी एकदा काढून सगळीकडे चिकटवली असती तर हे झालं नसतं. हाताने, प्रत्येक घडीचा विचार करून काढलेलं आहे. कापडाच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला त्या कष्टाची किंमत कळते, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

पुढे आठव्या खंडाच्या आसपास गोष्ट पारिया नावाच्या मुलीकडे वळते. फटकळ, घाईची, भरतकामाचा कंटाळा असलेली. हल्ल्यात घराबरोबर तिची लग्नासाठी तयार केलेली कापडंही गेलेली असतात, म्हणजे पहिल्या टाक्यापासून पुन्हा सुरुवात. मोरींनी तिला एका पानात कुशल करून टाकलेलं नाही. टाका, उसवणं, पुन्हा टाका. बारा सेकंदांत पान उलटणाऱ्याला हा भाग संथ वाटेल. तुम्ही हाच वाचा असं मी मुद्दाम सांगते.

दुसरं नाव माकोतो युकिमुरा यांच्या ‘विनलँड सागा’चं. तुम्ही बहुधा ऐकलं असेल, व्हायकिंगांची गोष्ट, लढायांसाठी प्रसिद्ध आहे. २००५ साली साप्ताहिकात सुरू झालं, पण तो वेग झेपण्यासारखा नव्हता म्हणून त्याच वर्षी मासिकात गेलं आणि २०२५ मध्ये संपलं. वीस वर्षं एक गोष्ट. पुष्कळ जणांचं शेताच्या भागात मन उडतं. सूड घ्यायला निघालेला थोरफिन तिथे गुलाम म्हणून एका शेतावर येऊन पडतो आणि एनार या दुसऱ्या गुलामाबरोबर जंगल तोडून जमीन तयार करायला लागतो. झाडं तोडून झाली तरी बुंधे राहतात. ते हाताने निघत नाहीत, घोडा लागतो, आणि घोडा मिळवायला एका म्हाताऱ्याची कामं करावी लागतात. माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं. बांधावरच्या बाभळीचा बुंधा काढायला मामा दोन दिवस कसे झटले होते, ते मी लहानपणी पाहिलंय. त्यामुळे युकिमुरांनी बुंध्याची मुळं किती पानं दाखवली, याचा मला कंटाळा येणं शक्यच नव्हतं. पहिलं पीक जमिनीतून वर येतं ते पान बघा. त्याआधीची बुंध्यांची पानं धावत वाचली असतील तर त्या कोंबाला काहीच अर्थ राहत नाही.

‘फ्रीरेन’बद्दल सगळीकडे एवढं बोललं जातं की मी एकच गोष्ट सांगते. कानेहितो यामादा यांची कथा, त्सुकासा आबे यांची चित्रं, २०२० पासून चालू. पहिल्याच चॅप्टरमध्ये पन्नास वर्षं निघून जातात, आणि ती जातात दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत. हजार वर्षांहून जास्त जगणाऱ्या फ्रीरेनला ती पट्टी जशी अरुंद वाटते तशीच आपल्यालाही वाटते, आणि पलीकडे तिचा जुना सोबती हिम्मेल म्हातारा होऊन उभा असतो. त्याच्या अंत्यविधीला ती रडते, कारण दहा वर्षं बरोबर हिंडूनही तिने त्याला नीट जाणून घेतलेलं नसतं. चौकटींमधली पट्टी हीसुद्धा गोष्टीचा भाग असते, हे मुलांना समजावायला मी आता हेच उदाहरण घेते.

म्हणजे मांगापुरतं माझं म्हणणं इतकंच: मला आवडलेल्या तिन्ही गोष्टींत मुख्य काम वेळ करतो, आणि तो वेळ पानावर काढलेला आहे. वाचणाऱ्याने तो द्यायचा असतो.

वेबटूनचं गणित थोडं वेगळं आहे. छापील पानाला उलटणं असतं, चित्रकार धक्का त्या उलटण्यामागे लपवतो. कोरियन वेबटूनमध्ये पान नाही, सरळ खाली जाणारी पट्टी आहे. तिथे दोन चित्रांमधली मोकळी जागा म्हणजे वेळ. पात्र दार उघडायला हात पुढे करतं, मग बोटाने दोनदा सरकवावी लागेल एवढी काळी जागा येते, मग दारामागचं चित्र. ती काळी जागा चित्रकाराने मापून ठेवलेली असते. रात्री साडेबाराला, डोळे मिटत असताना अंगठा सटकन फिरला की ते माप गेलं. म्हणून वेबटून मी अंथरुणात वाचत नाही. दुपारी जेवल्यावर, टेबलापाशी बसून, एका बैठकीत एक भाग.

वेळेचंच म्हणाल तर रँडल मन्रो यांच्या ‘एक्सकेसीडी’ या वेबकॉमिकमधलं ‘टाइम’ बघाच. २५ मार्च २०१३ ला एकच चित्र आलं, समुद्राकाठी बसलेली दोन काडी-माणसं. अर्ध्या तासाने चित्र बदललं. पुढे दर तासाला बदलत राहिलं. अशी ३,०९९ चित्रं झाली, चार महिने लागले. दोघं वाळूचा किल्ला बांधतात, समुद्र वर येतोय हे त्यांच्या लक्षात येतं, आणि कारण शोधायला ती निघतात. २०१४ मध्ये त्याला ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळाला. आज सगळी चित्रं सलग पळवून बघता येतात. मी तसं केलं नाही. रोज सकाळी चहाबरोबर पंचवीस चित्रं, बास, असं ठरवलं. मलाही चारच महिने लागले. दोन महिन्यांनंतर एका सकाळी पाणी किल्ल्याच्या किती जवळ आलं होतं ते आठवायला मला मागे जावं लागलं नाही. तीन रेघांचं माणूस, पण मला ते अजून लख्ख आठवतं.

वर्गातल्या मुलांमुळे भेटलेलं वेबकॉमिक म्हणजे डेव्हिड रेव्हॉय या फ्रेंच चित्रकाराचं ‘पेपर अँड कॅरट’. छोटी चेटकीण आणि तिचं मांजर, २०१४ पासून. हे कुणीही भाषांतरित करावं, छापावं, अशी त्यांनी मोकळी परवानगी दिलेली आहे, फक्त श्रेय द्यायचं. चित्रांच्या मूळ फायलीही खुल्या आहेत आणि फुग्यांमधला मजकूर इंकस्केपसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बदलता येतो. आम्ही वर्गासाठी एक भाग मराठीत केला. संवाद दीड तासात झाले, आवाजांना तीन रविवार लागले. धप्प, खळ्ळकन, चर्रर्र, फुस्स यांवर भांडाभांडी झाली. काच फुटली तर ‘खळ्ळकन’ की ‘खण्णकन’, यावर एका मुलाने घरून फुटकी काच आणायची तयारी दाखवली, तो बेत मी तिथेच थांबवला.

त्याच ओघात मी त्यांना सांगितलं की जपानी मांगात शांततेलाही आवाज लिहितात, ‘शीन’ असा. खोली सुन्न झाली की चौकटीत तो शब्द येतो. मग मराठीत काय लिहायचं? कुणी म्हणालं सन्नाटा, कुणी सामसूम, कुणी चिडीचूप. सोलापूरच्या पूर्व भागातून, विणकरांच्या वस्तीतून येणारी सातवीतली एक मुलगी, घरी तेलुगू बोलणारी, बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, ‘किर्रर्र’. रात्री माग बंद झाले की पहिलं तेच ऐकू येतं, असं तिचं म्हणणं. त्यानंतर कुणी दुसरा शब्द सुचवला नाही. आवाजांच्या शब्दांसाठी तीन रविवार घालवल्यावर ती चौकट त्या मुलांच्या मनातून जाईल असं मला वाटत नाही.

आता गेम. अकरा अर्धवट गेमांबद्दल तुम्ही अपराधी वाटतं असं लिहिलंय. गेम घेताना आपण खेळायचा वेळही विकत घेतला असं वाटतं, तो काही आलेला नसतो. शिवाय काही गेम संपायला बनलेलेच नसतात. ‘स्टारड्यू व्हॅली’ घ्या. एरिक बॅरोन यांनी चार वर्षांहून जास्त एकट्याने राबून २०१६ मध्ये आणलेला शेतीचा गेम. चौकोनी ठिपक्यांची चित्रं आहेत, त्यामुळे माझा जीव त्यावर आहेच. पण त्यातला एक दिवस साधारण चौदा मिनिटांत संपतो आणि संपताना उद्याचं काम दिसत असतं, म्हणून आणखी एक दिवस, आणखी एक दिवस. असा गेम आवडीने खेळावा आणि हव्या त्या दिवशी सोडावा. तो अर्धवट राहिला असं म्हणूच नये.

मला सर्वांत खोलवर गेलेला गेम लुकास पोप यांचा, २०१८ चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. भाच्याने लॅपटॉपवर लावून दिला आणि पहिलं चित्र बघून मी खुर्चीवरून उठलेच, कारण समोर माझा ग्राफ होता. पूर्ण गेम दोन रंगांत, जुन्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरसारखा. प्रत्येक ठिपका एकतर उजळ, नाहीतर गडद. सावली हवी तर गडद ठिपके दाट पेरायचे, उजेड हवा तर विरळ. एकाच रंगाच्या ताण्यात छटा काढायला आम्ही हेच करतो, कुठे धागा जास्त वर ठेवायचा, कुठे कमी. पोप यांच्यापुढे मात्र एक अडचण होती जी आमच्यापुढे कधीच नसते: त्यांचं चित्र हलतं. मान वळवली की ठिपके चुळबुळायला लागतात आणि डोळे दुखतात. त्यांनी ठिपक्यांची जाळी पडद्यावर न ठेवता खेळणाऱ्याभोवतीच्या एका अदृश्य गोलावर बसवली, म्हणजे मान वळली की ठिपकेही दृश्याबरोबर सरकतात. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागेना, इतकं ते सुंदर आहे.

आणि गेम आहे तोही बघण्याचाच. १८०७ साल, माणसांविना परत आलेलं जहाज, तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस. साठ माणसांपैकी कोण कोण होतं आणि कुणाचं काय झालं ते शोधायचं. एक घड्याळ मृत्यूचा क्षण गोठवून दाखवतं, त्यात तुम्ही फिरायचं. नावं कुणी सांगत नाही. झोपायच्या झोळीवरचा क्रमांक, कुणाच्या हातात कुठलं हत्यार, कोण कुणाशेजारी उभं आहे, यावरून ओळखायचं. तिघांचं बरोबर जुळलं तरच गेम होकार देतो, त्यामुळे अंदाजपंचे ठोकून फारसं पुढे जाता येत नाही. मी वही घेऊन तीन आठवडे खेळले. चौथ्यांदा त्याच क्षणात गेल्यावर, मुख्य घटनेकडे पाठ करून उभी राहिले आणि कोपऱ्यातला माणूस दिसला. मोराच्या मानेचा तो दिवस मला त्या क्षणी आठवला.

एवढा वेळ नसेल तर ‘फ्लॉरेन्स’ खेळा. २०१८ चा, मोबाइलवरचा, अर्ध्या तासात पुरा होणारा, अर्धा कॉमिक आणि अर्धा गेम. तरुण मुलगी, तिचं प्रेम. बोलण्याचे फुगे तुकडे जुळवून पूर्ण करायचे असतात. पहिल्या भेटीत तुकडे पुष्कळ, ओळख वाढते तसे कमी, शेवटी एकच तुकडा, ठेवला की झालं. भांडणात तेच तुकडे टोकदार होतात आणि घाईने जुळवावे लागतात. ‘आता आपल्याला एकमेकांशी बोलणं सोपं जातं’ हे वाक्य कुठेही लिहिलेलं नाही, ते तुमच्या बोटांना कळतं.

तर तुम्ही करायचं काय? अकरापैकी दहा गेम अनइन्स्टॉल करा. खात्यात राहतात, पैसे बुडत नाहीत. महिनाभर एकच मांगा, दिवसाला एकच चॅप्टर, आणि तो दोनदा: आधी गोष्टीसाठी, मग फुगे न वाचता फक्त चित्रांसाठी. पैशांची अडचण असेल तर ‘मांगा प्लस’ या अ‍ॅपवर बऱ्याच मालिकांचे पहिले तीन आणि शेवटचे तीन चॅप्टर अधिकृतपणे फुकट असतात, महिन्याच्या सुरुवातीला तेवढे पुरतात. पहिला आठवडा चिडचिड होईल, हात पुढच्या चॅप्टरकडे जाईल. माझ्या वर्गातल्या मोठ्या मुलांचा अनुभव असा की दुसऱ्या आठवड्यात ती कमी होते. तुमचं कदाचित लवकर होईल, कदाचित उशिरा.

आणि आजच एक करून बघा. वाचलेल्यातलं कुठलंही एक पान काढा, मोबाइलचं रोटेशन बंद करा, मोबाइल उलटा धरा आणि पाच मिनिटं बघा. काय दिसलं ते मला लिहा. कुठल्या मांगाचं पान ते आवर्जून लिहा. तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला, त्यात तुम्हाला आवडलेल्या एकाही मांगाचं नाव नाही.